पाचवी घागर

नाईकाचं नाव मीच सुचवलं होतं. पुढं जे काही झालं त्यात मी स्वतःहून केलेलं काम तेवढंच. बाकीच्या वेळी मी फक्त टाळत होतो.

नव्वद सालाच्या मागंपुढची गोष्ट. आम्ही जळगावात राहायचो. मी पाटबंधारे खात्यात कारकून, मुलगी सातवीत. तिच्या इतिहासाच्या बाईंनी त्या वर्षी एक टूम काढली. वर्गातल्या प्रत्येकानं एका ऐतिहासिक व्यक्तीवर पाच मिनिटं बोलायचं, सोबत एक तक्ता लावायचा, जमलं तर एखादी जुनी वस्तू दाखवायची, आणि हे सगळं एका शनिवारी सकाळी पालकांना बोलावून सभागृहात करायचं. कुणी कुणावर बोलायचं यावरून भांडणं नकोत म्हणून बाईंनी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. बाकीच्या मुलांना राजे, राण्या, संत, पुढारी असे नेहमीचे यशस्वी लोक आले. आमच्या मुलीच्या चिठ्ठीवर नावच नव्हतं. तिथं लिहिलं होतं, आपल्या भागातली अशी एक व्यक्ती, जिच्याविषयी लोकांची दोन मतं आहेत.

ती रडवेली होऊन घरी आली. राणीची चिठ्ठी आलेल्या मैत्रिणीकडे नऊवारी लुगडं, पुठ्ठ्याची तलवार सगळं तयार होतं म्हणे. मी नुकताच ऑफिसातून येऊन चहा पीत होतो, आणि चहा पिताना मला सगळ्याच अडचणी सोप्या वाटतात. मी म्हटलं, त्यात काय, आपल्या घरातच आहे की. नाईक.

नाईकाची गोष्ट आमच्या घरात पंगतीत लोणचं वाढावं तशी वाढली जायची. पाहुणा आला की एकदा तरी व्हायचीच. इंग्रजांच्या काळी आमच्याकडच्या डोंगरात भिल्लांचा एक नाईक होता. तो सरकारचा खजिना लुटायचा, सावकारांच्या घरात शिरून कागद जाळायचा. भिल्ल त्याला राजा म्हणायचे, सरकार दरोडेखोर म्हणायचं. आमचे खापरपणजोबा गावचे पाटील. त्यांनी एका लाठीनिशी नाईकाला गावाबाहेरच्या नाल्यात अडवलं आणि साहेबाची माणसं येईपर्यंत अडवून धरलं. साहेबानं खूश होऊन त्यांना सनद दिली. माझ्या आजोबांच्या सांगण्यात नाईकाबरोबर चार माणसं होती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सांगण्यात ती बारा झाली. माझ्या लग्नात मी ही गोष्ट सासरच्या मंडळींना सांगितली तेव्हा तीसेक तरी असावीत. लाठी मात्र सगळ्यांनी एकच ठेवली.

मुलीनं गोष्ट पूर्वीही ऐकली होती, पण या वेळी वही घेऊन ऐकली. शेवटी म्हणाली, "हे एकच मत झालं, पप्पा. दुसरं?"

दुसरं भिल्लांचं, मी म्हटलं. तर मग त्यांना विचारायला जाऊ, ती म्हणाली. आमच्या गावाला लागूनच भिलाटी होती, भिल्लांची वस्ती, आणि तिथली माणसं आमच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कामाला येत होती, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, बघू. आमच्या खात्यात 'बघू' म्हणजे काय होतं ते तिला अजून माहीत नव्हतं.

त्याऐवजी मी भाषण लिहायला घेतलं. लिहिण्याबद्दल माझा स्वतःविषयी बरा समज होता. वीस वर्षं टिपण्या लिहीत होतो, साहेब लोक माझ्या मसुद्यात काना-मात्रा बदलत नसत. तासाभरात दोन पानं लिहून मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती बाहेर आली आणि विचारलं, "हा सदर इसम कोण?"

मी पाहिलं तर खरंच. नाईकाला मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'सदर इसम' लिहिलं होतं. सदर इसमाचे वर्तन, सदर इसमाविषयीच्या तक्रारी, सदर इसमाच्या बाजूने असेही म्हणणे आहे की. शेवटी 'सविनय सादर' तेवढं राहिलं होतं. मुलगी इतकी हसली की तिचं चिठ्ठीचं दुःखच गेलं, हा एक फायदा झाला.

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. गाव पारोळ्याच्या बाजूला. जळगावहून धुळ्याच्या एस.टी.त बसायचं, पारोळ्याला उतरायचं आणि पुढं मिळेल ते. घर साधंच, पुढं ओटा, आत दोन खोल्या, वर पत्रे. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर आणि आरशाच्या मधे काचेच्या चौकटीत सनद लटकत असे. दसऱ्याला हत्यारांबरोबर तिलाही झेंडूची माळ. जाडसर पिवळा कागद, खाली एक शिक्का, आणि वरपासून खालपर्यंत मोडी, जणू मुंग्यांची रांग कुणीतरी फुंकर मारून विस्कटली आहे. घरात कुणालाच मोडी येत नव्हती. आबांना येत नव्हती, मला येत नव्हती. पण कागदात काय आहे हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे वाचायची गरज कधी पडली नाही.

नातीला सनद पाहिजे म्हटल्यावर आबा इतके खूश झाले की चौकट स्वतः खिळ्यावरून उतरवली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली. सत्तरी ओलांडलेला माणूस, आई गेल्यापासून घरात एकटा, बोलणं कमी. पण सनदेचा विषय निघाला की आबा कंबरेत ताठ होत. गावात आता पाटीलकी राहिली नव्हती, सगळ्या गोष्टी निवडणुकीवर आणि सोसायटीवर गेल्या होत्या. पण कुणी नवा ग्रामसेवक आला, कुणाचा जावई आला, तर लोक त्याला आमच्या घरी सनद दाखवायला आणत. आबांकडे लोकांनी यावं असं तेवढंच एक कारण उरलं होतं.

मुलगी म्हणाली, ही मला शाळेत दाखवायला देता का? आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वस्तू कशी हाताळतो हे त्यांना माहीत होतं. त्यांचा रेडिओ मीच दुरुस्त केला होता. ते म्हणाले, देत नाही, मीच घेऊन येतो. तुझं भाषणही ऐकतो.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मुलीनं दप्तरातून बटर पेपर काढला, भूगोलाचे नकाशे गिरवायला आणलेला. चौकट ओट्यावर आडवी ठेवली, काचेवर कागद पसरला आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर गिरवायला बसली. तक्त्यावर सनदेची नक्कल लावायची म्हणाली. दुपारभर बसली होती. काय गिरवतेय हे तिला माहीत नव्हतं, पण एकही वळण सोडलं नाही. काचेच्या आत कधीकाळी एक चिलट चिरडून मेलं होतं, तेही गिरवलं. आबा शेजारी बसून तिच्यावर सावली राहील अशी छत्री धरून होते.

चार वाजता तिनं पुन्हा भिलाटीचं काढलं. मी म्हटलं, बस चुकेल. बसला दीड तास होता. खरं सांगायचं तर जाऊन विचारायचं काय, हेच मला सुचत नव्हतं. ज्यांना आयुष्यभर फक्त 'उद्या निंदायला या' एवढंच सांगितलं, त्यांच्या अंगणात बसून 'तुमचा नाईक आम्ही धरून दिला, त्याबद्दल तुमचं मत काय' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

नक्कल झाली होती, आता तिला त्यातलं वाचून पाहिजे होतं. मी म्हटलं, आपल्याला माहीतच आहे. ती म्हणाली, बाई विचारतील. बाईंचं नाव निघालं की घरात माझं चालत नसे. पुढच्या रविवारी आम्ही धुळ्याला गेलो, अक्काकडे.

अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण. माझी आत्या, पण सगळं गाव अक्का म्हणे म्हणून मीही अक्काच म्हणायचो. लग्न होऊन धुळ्यात चौथ्या गल्लीत गेली त्याला साठ वर्षं झाली, तरी बोलणं गावचंच राहिलं. तिच्या शेजारी एक निवृत्त कारकून राहत. जुन्या दस्तांमध्ये जन्म गेलेला, मोडी त्यांना वर्तमानपत्रासारखी येई. गल्ली त्यांना नाना म्हणे. अक्कानं भिंतीवरूनच हाक मारली तसे ते बनियनवर शर्ट चढवत आले, चष्मा पुसला आणि खाटेवर बसून बटर पेपर उजेडाकडे धरला. अक्का खाली बसून मेथी निवडत होती.

नानांना पहिला अडथळा चिलटाचा आला. हे अक्षर माझ्या पाहण्यात नाही, म्हणाले. मुलीनं खुलासा केल्यावर पुढं सरकले. आधी मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खाकरले आणि अर्थ सांगायला लागले, तोही थांबत थांबत, दवाखान्यातला रिपोर्ट वाचून दाखवावा तसा.

कागदात नाला नव्हता. लाठी नव्हती. तीस माणसं नव्हती, बारा नव्हती, चारसुद्धा नव्हती. कागदात एवढंच होतं की नाईक एकटा आणि उपाशी असा पाटलाच्या घरी आला. पाटलानं त्याला विश्वास दाखवून जेवायला बसवलं आणि तो जेवत असताना ठाण्यावर माणूस पाठवला. शिपाई येईपर्यंत आग्रह करकरून त्याला पाटावरून उठू दिलं नाही. पाटलाची ही युक्ती पाहून सरकार फार संतुष्ट झालं, सबब ही सनद.

आमच्या घरानं हे शंभर वर्षं भिंतीवर लावलं होतं आणि दर दसऱ्याला माळ घातली होती.

नाना कागदाची घडी करायला लागले, मुलीनं ती हळूच काढून घेतली. मी विचारलं, नक्की असंच आहे का, गिरवताना चूक झाली असेल. नाना म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे. मग घरी काहीतरी उकळत ठेवल्याचं आठवून ते गेले.

अक्कानं मान वर केली नव्हती. मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे. मी म्हटलं, अक्का, हे तुला माहीत होतं?

"म्हनीसन तं पाचवी घागर," अक्का म्हणाली.

इथं आमच्या आखाजीचं सांगायला पाहिजे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या मातीच्या घागरी मांडतात. वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि जेवणाचा घास टाकून पितरांची नावं घेतात. सासरी गेलेल्या मुली या सणाला माहेरी येतात, तशी अक्काही दर वर्षी धुळ्याहून येई. आमच्याकडे चार घागरी आत मांडल्या जात आणि पाचवी बाहेर ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला. तिच्या वेळी कुणाचं नाव घेत नसत. ती अक्काच भरायची. कुणाची विचारलं तर वाटसरूची, असं उत्तर मिळे. आठ-नऊ वर्षांचा असताना मी वाटसरू येण्याची वाट पाहून कंटाळलो आणि त्या घागरीवरचं डांगर गोठ्यामागं नेऊन खाल्लं होतं. अक्कानं मला दिलेली थप्पड माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी होती, आणि एका डांगरासाठी एवढी का, हे मला पस्तीस वर्षं कळलं नव्हतं.

ते आता ती मुलीला सांगत होती. आमची खापरपणजी, त्या पाटलाची बायको, तीच नाईकाला वाढत होती. नवऱ्यानं माणूस पाठवलाय हे तिला माहीत होतं. नाईकाचं जेवण झालं आणि त्यानं पाणी मागितलं. ती तांब्या भरायला वळली तेवढ्यात शिपाई आत आले. तांब्या तिच्या हातातच राहिला. पुढच्या आखाजीला तिनं कुणाला न विचारता एक घागर जास्त भरली. नवऱ्यानं ती आत ठेवू दिली नाही, म्हणून बाहेर ठेवली. मग तिच्या सुनेनं भरली, मग त्या सुनेच्या सुनेनं, मग अक्कानं.

मुलीनं विचारलं, एवढी वर्षं का भरायची?

अक्का म्हणाली, "त्यानं पानी बाकी शे ना बेटा आपलाकडे."

परतीच्या एस.टी.त मुलगी खिडकीशी बसून वहीत लिहीत होती, त्याचं पाणी आपल्याकडे बाकी आहे. बस हलत होती तशी अक्षरं हलत होती. मी पुढच्या शनिवारचं चित्र पाहत होतो. आबा पारोळ्याहून सनद छातीशी धरून येणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची नात तीनशे लोकांना सांगणार की या कागदात आमच्या पूर्वजानं पाहुण्याला जेवताना धरून दिल्याची शाबासकी आहे. गावात त्यांचा मान होता तो त्या खिळ्यावर लटकलेला. मला दिसत होतं की आबा उठतील, चौकट टॉवेलात गुंडाळतील, चालू लागतील आणि पुन्हा आमच्या घरची पायरी चढणार नाहीत. आबा रागावले की ओरडत नसत, येणं बंद करत. माझ्या धाकट्या काकाकडे ते वीस वर्षं गेले नव्हते.

एरंडोलला मी हळूच म्हटलं, जेवणाचं तेवढं वगळलं तर? नाईकाचे गुण सांग, दोष सांग, सनद दाखव आणि बस खाली.

ती म्हणाली, "मग सनद कशाला दाखवायची?"

मी म्हटलं, आबांना वाईट वाटेल. आबांवर तिचा फार जीव होता. त्यांनी उन्हात धरलेली छत्री तिच्याही डोळ्यांसमोर असणार. बांभोरीचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, मी विचार करते. हे मात्र तिनं आमच्या खात्याच्या अर्थानं म्हटलं नव्हतं. आठवडाभर ती खरोखर विचार करत होती. जेवताना मधेच थांबायची. एकदा आईला विचारलं, आबांना आधीच पत्र लिहून सांगू का? आई म्हणाली, पत्र वाचून ते आलेच नाहीत तर? मग तेही राहिलं. मी माझ्यापुरता एक नवा मसुदा करून तिच्या दप्तरात ठेवला. त्यात जेवण नव्हतं, सदर इसमही नव्हता. तो बुधवारी मला माझ्या टेबलावर परत मिळाला, व्यवस्थित घडी घालून.

शनिवारी आबा सातच्या आत हजर. पांढरं धोतर, टोपी, सनद नव्या टॉवेलात. शाळेत पहिल्या रांगेत बसले आणि चौकट मांडीवर उभी धरली. मागून त्यांची नुसती टोपी दिसत होती. मी मुद्दाम मागं, दाराजवळ बसलो. कारण सांगायला नको.

राजे झाले, राणी झाली. राणीची तलवार मधेच वाकली, टाळ्या पडल्या. मग आमच्या मुलीला पुकारलं. तिनं तक्ता लावला, त्यावर बटर पेपरची नक्कल चिकटवलेली. खाली येऊन आबांच्या हातून चौकट घेतली, टेबलावर ठेवली आणि बोलायला लागली. हातात कागद नव्हता.

आधी तिनं नाला आणि लाठीची गोष्ट सांगितली, आमच्या घरात सांगतात तशी. मग म्हणाली, पण या सनदेत तसं लिहिलेलं नाही. आणि काय लिहिलंय ते सांगितलं. नाईक एकटा आला होता, त्याला पाटावर बसवलं, गरम गरम वरण-भात वाढला, आणि त्याला पाणी मिळालं नाही. पाचव्या घागरीचं सांगितलं. सभागृहात मागची मुलं कुजबुजत होती ती थांबली. पहिल्या रांगेतली टोपी हलली नाही. मी टोपीकडेच पाहत होतो, मुलीकडे पाहायचा धीर नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "नाईकाविषयी दुसरं मत भिलाटीतल्या लोकांचं आहे. ते मला सांगता येत नाही, कारण मी त्यांना विचारलं नाही. मी दोनदा म्हटलं होतं, पण पप्पा मला घेऊन गेले नाहीत. म्हणून माझं मत अजून तयार नाही."

आणि खाली बसली. लोकांनी वळून 'पप्पा' कोण ते शोधलं. दाराजवळ बसल्याचा काही उपयोग झाला नाही.

बाईंनी दहापैकी सहा गुण दिले. शेऱ्यात लिहिलं, माहिती चांगली, निष्कर्ष दिला नाही.

कार्यक्रम संपला. आबांनी टेबलावरची चौकट उचलली, टॉवेलात गुंडाळली आणि निघाले. माझ्या डोळ्यांसमोर होतं अगदी तसंच. जेवायला घरी चला म्हटलं तर दुपारची गाडी गाठायची म्हणाले. स्टँडपर्यंत पुढं आबा, त्यांच्या शेजारी मुलगी, मागं मी त्यांची पिशवी घेऊन. फलाटावर बाकावर बसलो. मुलगी चपलेच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत होती. तिचा चेहरा पाहून वाटत होतं, आता रडेल.

चौकट मांडीवर ठेवून आबा म्हणाले, "तुनी वरन-भात कसाले सांगा?"

तिला कळेना. मलाही.

"आपला घरमा तवय भात कोठे व्हता?" आबा म्हणाले. "कयन्यानी भाकर व्हती. आन् मिरचीना ठेचा. दोन भाकरी खाद्यात त्यानी."

कयना म्हणजे आमच्याकडचा कळणा, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. पण मला कळण्यापेक्षा दुसरं काहीतरी कळत होतं. सनदेत भाकरीचा प्रकार लिहिलेला नव्हता, अक्कानंही सांगितला नव्हता. मी म्हटलं, आबा, म्हणजे तुम्हाला हे सगळं आधीपासून...

त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांना त्यांच्या आईनं. मग भिंतीवर का लावलं, मी विचारलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं का?

"वाचता कोले येत व्हतं?" आबा म्हणाले.

वाचता येतच कुणाला होतं, हे त्यांनी अजिबात लाज न वाटता सांगितलं. मग नातीकडे न पाहता, समोरच्या पाचोऱ्याच्या गाडीकडे पाहत म्हणाले, "आखाजीले ये. भिलाटीमा मी लई जासू तुले. तुना बापनी वाट देखू नको."

पारोळ्याची गाडी लागली. मी पिशवी खिडकीतून जागेवर टाकली. सनद त्यांनी माझ्याकडे दिली नाही.

आखाजीला आम्ही गेलो. अक्का धुळ्याहून आठवडाभर आधीच आली होती. खिळ्यावर सनद होती, पण तिच्याशेजारी आता मुलीनं टपालानं पाठवलेली बटर पेपरची नक्कलही होती, आणि तिच्याखाली तिनं नानांकडून लिहून घेतलेला अर्थ, बाळबोध अक्षरात, कुणालाही वाचता येईल असा. आबांनी तो स्वतः पिठाच्या खळीनं चिकटवला होता. लोक आता सनद पाहायला येतात का, हे मी विचारलं नाही. अक्का म्हणाली, येतात, आधी दोनच मिनिटं थांबायचे, आता वाचत बसतात.

चार घागरी आत मांडून झाल्या. पाचवी अक्कानं भरली. पण ती ओट्यावर न ठेवता आबांनी खांद्यावर घेतली आणि नातीला म्हणाले, चल. मला कुणी चल म्हटलं नाही. अक्कानं माझ्या हातात डांगर ठेवलं आणि हाताकडे रोखून पाहिलं, म्हणून मीही निघालो.

भिलाटीत आबांच्याच वयाचे एक म्हातारे होते. जन्मभर एकाच बांधावर उठबस केलेले, पण आबा त्यांच्या अंगणात खाटेवर बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हाताऱ्यांनी घागर उतरवून घेतली. ती कशाची आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. मुलीनं वही उघडून विचारलं, तेव्हा त्यांनी त्यांच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत नाईक फसला नव्हता. वाढणारी बाई सारखी दाराकडे बघतेय हे पाहून त्याला पहिल्या घासालाच सगळं समजलं होतं. तरी तो उठला नाही. तीन दिवसांचा उपाशी होता, आणि ताटावरून उठून पळाला असं त्याला म्हणवून घ्यायचं नव्हतं. उलट त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

मुलीनं सगळं लिहून घेतलं, गुण कधीच मिळून गेले होते तरी. मग पेन्सिल थांबवून तिनं विचारलं, भाकरी कशाची होती?

"कयन्यानी," म्हातारे म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डांगर दोन्ही हातांत धरून उभा होतो. म्हाताऱ्यांनी ते माझ्याकडून घेतलं, पाण्याच्या घागरीवर ठेवलं आणि मला बसायला सांगितलं.